पगार झालाय, पण घरी पोचत नाही

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. उसाच्या तोडीवर नाही, नगरपंचायतीच्या नाल्यांवर नाही, आरक्षणावर पण नाही. मालदीववर आहे. हसू नका. आधी शेवटपर्यंत वाचा, मग कमेंटमध्ये काय शिव्या घालायच्या त्या घाला.

माझा मावसभाऊ मालदीवला इंग्रजी शिकवतो. तीर्थपुरीपासून मोटारसायकलवर वीस मिनिटांवर त्याचं गाव. नाव लिहीत नाही. तिकडचा करार मुदतीचा असतो आणि त्याला तो पुढंही हवा आहे. गेल्या आठवड्यात मावशीचा फोन आला, "आत्ताच्या आत्ता ये." गेलो. दारात पतसंस्थेचा वसुलीवाला पोरगा उभा. बिचारा ओळखीचाच, मान खाली घालून उभा होता. एक हप्ता पूर्ण थकलेला, दुसरा अर्धा भरलेला. तो गेल्यावर मावशीनं मला आत बोलावलं, काकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "तू पत्रकार आहेस, खरं सांग. पोरगं म्हणतंय पगार होतो, पण पैसे येईनात. त्याला काही नाद लागला का रं?"

चाळीस वर्षांचं पोरगं. एम.ए. इंग्रजी, बी.एड. सुपारी खात नाही. आणि त्याची आई मला विचारते, नाद लागला का. गावात तर त्याच्याही पुढं गेलंय. कुणी म्हणतं तिकडं दुसरं घर केलं, कुणी म्हणतं नोकरीच गेली, सांगत नाही. पारावर बसून बातम्या तयार करायला डिप्लोमा लागत नाही.

तर मावशीला जे समजावून सांगितलं, तेच इथं लिहितो. तिला समजायला अर्धा तास लागला. आपल्या पुढाऱ्यांना किती लागेल ते बघू.

पगार होतोय. वेळेवर होतोय. सरकारी शाळा आहे, महिन्याच्या महिन्याला बँकेत रुफिया जमा होतात. रुफिया हे तिकडचं चलन. भाऊ महिन्याला १५ हजार रुफिया कमावतो. खाणं, खोलीभाडं, फोन, बोटीचं भाडं जाऊन १० हजार शिल्लक राहतात. तिकडं सरकारी भाव एका डॉलरला १५.४२ रुफिया. हा भाव २०११ पासून तिथंच ठोकून ठेवलाय. म्हणजे शिल्लक १० हजार रुफियांचे झाले ६४८ डॉलर. हिशेबाला सोपं म्हणून डॉलर नव्वद रुपये धरू. अठ्ठावन्न हजार रुपये झाले. एवढे पैसे दर महिन्याला घरी येऊ शकतात. कागदावर.

प्रत्यक्षात रुफिया तीर्थपुरीत चालत नाही. तो आधी डॉलर व्हावा लागतो, आणि डॉलर बँकेनं द्यावा लागतो. मालेमध्ये आपल्या एका मोठ्या सरकारी बँकेची शाखा आहे, तिथले बहुतेक भारतीय तिच्यातूनच पैसे पाठवतात. तिनं बाहेरून आलेल्या नोकरदारांना घरी पैसे पाठवायची मर्यादा कमी करत आणली. आधी महिन्याला ४०० डॉलरवर आणली होती. २५ ऑक्टोबर २०२५ पासून ती १५० डॉलर केली. दीडशे. आपले साडेतेरा हजार रुपये.

पतसंस्थेचा हप्ता अकरा हजार. राहिले अडीच हजार. त्यात दोन म्हातारी माणसं, बायको, दोन लेकरं, काकांच्या शुगरच्या गोळ्या. आता सांगा, नाद कुणाला लागलाय?

बरं, बाकीचे पैसे कुठं आहेत? त्याच्याच खात्यावर पडून आहेत. रोज मोबाईलवर बघतो. स्वतःचे आहेत, घामाचे आहेत, आणि घरी पाठवता येत नाहीत. तो मला म्हणाला, "दादा, विहिरीत पाणी आहे, दिसतंय, पण पोहऱ्याला दोरी फक्त हातभर दिलीय."

दोरी बाहेर मिळते. काळ्या बाजारात. तिथं डॉलर १५.४२ ला नाही, वीसच्या घरात मिळतो. दीडशे डॉलर बँकेतून पाठवल्यावर उरलेल्या साडेसात-पावणेआठ हजार रुफियांचे सरकारी भावानं ४९८ डॉलर झाले असते. काळ्या बाजारात वीसच्या भावानं ३८४ होतात. एकशेचौदा डॉलर तिथंच गेले. दहा हजार रुपये, दर महिन्याला, निव्वळ घट. आमच्या मोसंबीवाल्या भाषेत सांगायचं तर व्यापाऱ्यानं काट्यावरच मारलं. आणि एवढं करून डॉलर हातात आले तरी ते पाठवायचे कसे? बँकेची मर्यादा आहेच. मग सुट्टीला येणाऱ्या कुणाच्या तरी खिशात द्या, नाहीतर हुंडीवाला गाठा. हुंडी म्हणजे बेकायदा. मास्तर माणूस, विमानतळावर पकडला गेला तर नोकरीही गेली आणि अब्रूही.

आता कुणी म्हणेल, बँक लुटते आहे. मला तसं वाटत नाही. बँकेच्या शाखेतही डॉलर नाहीत हे खरं आहे. मुळात त्या देशातच डॉलर नाहीत. पण का नाहीत, हे समजून घ्या.

मालदीवची लोकसंख्या साधारण पाच लाख. आपल्या दोन-तीन तालुक्यांएवढी. ११९२ बेटं, त्यातल्या जेमतेम दोनशे बेटांवर माणसं राहतात. शेती नावाला. तांदूळ, गहू, साखर, तेल, कांदा, औषधं, सिमेंट, डिझेल, सगळं बोटीनं बाहेरून येतं आणि सगळ्याला डॉलर मोजावे लागतात. मासा सोडला तर स्वतःचं फार काही नाही. डॉलर येतो पर्यटकांमधून. २०२४ मध्ये वीस लाखांवर पर्यटक तिथं गेले. पाच लाख लोकांच्या देशात वीस लाख पाहुणे! तरी डॉलरचा दुष्काळ. कारण पाहुणा जे मोजतो त्यातला मोठा वाटा रिसॉर्टवाल्या कंपन्यांच्या परदेशातल्या खात्यांवरच राहतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं नियम केला की रिसॉर्टनं दर पर्यटकामागं ५०० डॉलर देशातल्या बँकेत बदलून घ्यायचे. नियम करावा लागला, यातच सगळं आलं.

आणि कर्ज. पूल बांधले, विमानतळ मोठा केला, मालेजवळ समुद्रात भराव टाकून टोलेजंग इमारती उठवल्या. चीनचं कर्ज, भारताचं कर्ज, बाजारातून उचललेलं कर्ज. ५० कोटी डॉलरचे इस्लामी रोखे एप्रिल २०२६ मध्ये फेडायचे. ऑगस्ट २०२४ मध्ये फिच या संस्थेनं त्यांची पत थेट 'सीसी'पर्यंत खाली आणली. आपल्या भाषेत, सोसायटीच्या फलकावर नाव लागायच्या आधीची पायरी. त्याच महिन्यात तिथल्या सरकारी बँकेनं रुफियाच्या कार्डांवर परदेशी व्यवहार बंद करून टाकले. बोंबाबोंब झाली, आणि लगेच तो निर्णय मागं घ्यावा लागला.

अशा वेळी सरकार काय करतं? डॉलर वाचवतं. कुणाचे आधी? जो मत देत नाही त्याचे. रिसॉर्टवाला मोठा, त्याला हात लावायला हिंमत लागते. स्थानिक माणूस मतदार. राहिला परदेशी मास्तर, परदेशी नर्स, परदेशी मजूर. २०१६ मध्ये याच देशानं बाहेरच्या कामगारांनी घरी पाठवलेल्या पैशावर तीन टक्के कर लावला होता. काही वर्षांनी तो काढला. आता कर नाही, दोरीच आखूड केली. तीन टक्के गेले असते तर परवडलं असतं हो!

हे काही मालदीवनंच केलं असं नाही. जालन्याला एक निवृत्त सर होते, आता हयात नाहीत. मी नवीन नवीन बातमीदारी करत होतो तेव्हा त्यांनी सांगितलेलं. ते १९८० नंतर नायजेरियाला गेले होते, इंग्रजी शिकवायला. नायजेरियात तेव्हा तेलाचा पैसा होता, १९७६ ला त्यांनी सगळ्या पोरांना मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केलं, शिक्षक कमी पडले, म्हणून बाहेरून मागवले. आपल्याकडून खूप लोक गेले. मग तेलाचे भाव पडले आणि सगळं फिरलं. सरांचा पगार चार-चार महिने होत नव्हता, झाला तर घरी पाठवायची परवानगी मिळत नव्हती. १९८६ मध्ये तिथलं चलन कोसळलं. सर परत आले तेव्हा त्यांच्याकडं एक पासबुक होतं. ते त्यांनी मला दाखवलं होतं. आकडा मोठा होता, आणि ते पासबुक घेऊन सर हसत होते. मी पण हसलो होतो तेव्हा. आज ते हसणं आठवलं की कसंतरी होतं.

१९९७ मध्ये दक्षिण कोरियात पण असंच झालं. तिथं अमेरिका-कॅनडाची पोरं इंग्रजी शिकवायला जायची. डॉलरला नऊशेच्या आसपास असलेला वॉन वर्षअखेर दोन हजारांच्या जवळ गेला. पगार तोच, घरी पाठवायला गेलं की निम्मा. बरेच जण बॅग भरून निघून गेले. त्यांना जाता येत होतं. घरी आईबाप हप्ता भरायला बसलेले नव्हते आणि गेले तरी तिकडं दुसरी नोकरी होती. माझ्या भावाला निघून यायला काय हरकत आहे, असं तुम्ही म्हणाल. येऊ शकतो. येऊन काय करेल?

आता मूळ मुद्द्यावर येतो. म्हणजे तो तिकडं गेलाच कशाला.

हा पोरगा इथल्याच एका शाळेवर सहा वर्षं होता. विनाअनुदानित. शाळेचं नाव लिहीत नाही, लिहायची गरज पण नाही, तालुक्यात अशा किती आहेत तुम्हाला माहीत आहे. पगार पाच हजार. तोही दर महिन्याला नाही, दिवाळीला एकदम, त्यातही 'संस्थेच्या अडचणी' वजा जाता. आठवी ते दहावी इंग्रजी. दहावीचा निकाल लागला की फलकावर शाळेचं नाव, संस्थाचालकाचा फोटो. शिकवणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात सुद्धा नाही. अनुदान येईल, अनुदान येईल करत सहा वर्षं गेली. २००१ ला सरकारनं 'कायम विनाअनुदानित' हा शब्द शोधून काढला, २००९ ला त्यातला 'कायम' काढला, मग वीस टक्के, मग चाळीस टक्के, दर वेळी आझाद मैदान, दर वेळी आश्वासन. जुलै २०२५ ला पुन्हा शिक्षक आझाद मैदानावर पावसात बसले होते, आठवतंय ना? मोठमोठे नेते भेटून गेले, फोटो झाले.

सरकारी भरतीचं विचाराल तर २०१२ च्या मे महिन्यात भरतीवर बंदी आली. पाच वर्षांनी परीक्षा झाली, पवित्र पोर्टल आलं, २०१९ ला कुठं यादी लागली. भाऊ तेव्हा दोन-तीन गुणांनी राहिला. इतक्या वर्षांत त्याच्यामागून बी.एड. झालेल्यांची एवढी रांग लागली की गुणवत्ता कमी पडली असं म्हणायची मला तरी लाज वाटते. आणि लागला असता तर? तीन वर्षं शिक्षणसेवक. २०२३ च्या जानेवारीपासून माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला १८ हजार मिळतात. त्याआधी आठ हजार होते. आठ हजार! तोडीला गेलेली जोडी त्यापेक्षा जास्त उचल घेते, आणि तिच्यावर कुणी शिक्षक दिनाला भाषण देत नाही.

आता दुसरी बाजू बघा. २००० सालापासून आपण पहिलीपासून इंग्रजी लावलं. गावागावात 'इंग्लिश स्कूल'ची पाटी लागली, पिवळ्या गाड्या फिरायला लागल्या. म्हणजे इंग्रजी पाहिजे. इंग्रजी शिकवणारा पण पाहिजे. फक्त त्याला पगार द्यायचा नाही. तिकडं मालदीवमध्ये १९६० च्या दशकातच शाळा इंग्रजी माध्यमाच्या झाल्या, पोरं केंब्रिजच्या परीक्षा देतात, आणि एवढे शिक्षक त्यांच्याकडं नाहीत म्हणून ते भारतातून नेतात. केरळ, तमिळनाडूतून वर्षानुवर्षं लोक जातात. आपल्याकडची माणसं कमी. माझा भाऊ एजंटाला दोन लाख देऊन गेला. पतसंस्थेतून तीन लाख उचलले, दोन एजंटाचे, बाकी तिकीट, कागदपत्रं आणि मागं घरखर्चाला. ते हे कर्ज. जमिनीवर बोजा आहे.

पहिली दोन वर्षं सगळं व्यवस्थित चाललं होतं. बेट एवढंसं, या टोकाला उभं राहिलं की त्या टोकाचा समुद्र दिसतो. एकदा त्यानं वर्गाचा फोटो पाठवला होता. निळ्या-पांढऱ्या गणवेशातली पोरं, मागं फळ्यावर याच्या वळणदार अक्षरात व्याकरण. तेच अक्षर, जे आमच्या तालुक्यातल्या पोरांनी सहा वर्षं पाहिलं आणि ज्याची किंमत आपण पाच हजार लावली.

आता येतो तुमच्या लाडक्या विषयावर. जानेवारी २०२४ आठवा. लक्षद्वीपचे फोटो आले, तिकडच्या दोन-तीन उपमंत्र्यांनी पंतप्रधानांबद्दल वाह्यात लिहिलं, आणि आपल्या ग्रुपवर 'बॉयकॉट मालदीव' सुरू झालं. ज्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या पुढं तिकीट काढलं नाही ते पण मालदीवची सहल रद्द करत होते! मीही एक मेसेज पुढं ढकलला होता, खोटं कशाला बोलू. तेव्हा भावाचा फोन आला, "दादा, इथं आम्ही पण आहोत, जरा जपून." तिकडं 'इंडिया आउट'च्या घोषणा होऊन गेलेल्या, इकडं बॉयकॉट, आणि मधल्या मध्ये हा बेटावर सहावीला इंग्रजीतले काळ शिकवतोय. मी मेसेज काढून टाकला.

पण बघा, राग आपल्यालाच होता, दोन्ही सरकारं केव्हाच पुढं गेली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांचे राष्ट्राध्यक्ष मुइझ्झू दिल्लीला आले आणि आपण त्यांना ४०० दशलक्ष डॉलर आणि वर ३००० कोटी रुपयांची चलन अदलाबदलीची सोय दिली. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान मालेला गेले, त्यांच्या स्वातंत्र्याची साठ वर्षं होती, आणि ४८५० कोटी रुपयांचं कर्ज जाहीर केलं. जुन्या कर्जाचा वार्षिक हप्ता पण कमी करून दिला. माझा याला विरोध नाही. शेजारी बुडाला तर आपल्याही अंगावर शिंतोडे येतात, आणि आपण हात आखडला तर चीन हात पुढं करून उभाच आहे. द्या, जरूर द्या.

पण शेजाऱ्याला एवढं देताना एक ओळ लिहायला काय झालं होतं? की बाबा, तुमच्या सरकारी शाळांत, दवाखान्यांत आमची जी माणसं काम करतात, त्यांचा पगार त्यांच्या घरी जाऊ द्या. आपल्या गावात दुकानदार उधारी देतो तेव्हा सुद्धा विचारतो, माझ्या पोराला तुझ्याकडं कामाला ठेवलाय, त्याचा पगार वेळेवर देतोस ना? ४८५० कोटी देताना आपण एवढं पण विचारलं नाही.

आणि हे करायला डॉलरची गरजच नाही, हा माझा खरा मुद्दा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेनं आणि त्यांच्या मध्यवर्ती बँकेनं करार केला, की दोन देशांतले व्यवहार रुपया आणि रुफियात करायला चालना द्यायची. मधला डॉलर काढून टाकायचा. करार कागदावर आहे. कर्ज रुपयात दिलेलं आहे. चलन अदलाबदल रुपयात केलेली आहे. म्हणजे मालदीवच्या मध्यवर्ती बँकेला रुपया मिळवायची वाट आपणच करून दिलीय. मग मास्तरचा रुफिया मालेत घ्या आणि त्याच्या घरच्या खात्यावर रुपये जमा करा. डॉलरला हात लावायचं कारणच नाही. तिकडं मास्तर किती, नर्स किती, पगार किती, सगळी यादी त्यांच्याच सरकारकडं आहे, कारण पगार तेच करतात. काळ्या पैशाची भीती असेल तर पगाराची चिठ्ठी मागा. पगाराएवढेच पाठवू द्या, एक रुपया जास्त नको. तांदळाला आणि पुलाच्या कंत्राटाला रुपया चालत असेल, तर मास्तरच्या पगाराला का चालू नये, हे मला कुणीतरी समजावून सांगा.

हे कुणी मागितलंच नाही असं नाही. केरळच्या खासदारांनी या दीडशे डॉलरवर आवाज उठवला, परराष्ट्र मंत्र्यांपर्यंत विषय नेला. तिथं परदेशातल्या माणसांसाठी 'नोर्का' नावाचं सरकारी खातंच आहे, १९९६ पासून. माणूस आखातात मेला तर प्रेत आणायची सोय ते बघतात, पगार अडकला तर चौकशी करतात. कारण केरळच्या आमदाराला माहीत आहे की प्रत्येक गल्लीतलं एक घर बाहेरच्या पैशावर चालतं.

आणि आपण? २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या राज्यानं जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याबरोबर दहा हजार कुशल मनुष्यबळ पाठवायचा करार केला. गाजावाजा झाला. त्यात आपलं शालेय शिक्षण खातंच पुढं होतं, म्हणजे ज्या खात्यानं मास्तरला पाच हजारावर वाळवला, तेच खातं आता पोरांना परदेशी पाठवायला निघालं. पाठवा. पण पाठवलेल्या माणसाचा पगार अडकला तर त्याच्या बापानं कोणत्या दारात जायचं, ते पण आधी सांगा. आज माझ्या काकांनी विचारलं, "कलेक्टरला अर्ज द्यावा का?" मी म्हणालो, कलेक्टरच्या हातात हे नाही. "मग आमदाराला?" त्यांच्याही नाही. "मग खासदाराला?" काका, तुमचा जिल्हा जालना आणि खासदार परभणीचे. काका म्हणाले, "म्हणजे आपलं कुणीच नाही."

मी या तालुक्यात वीस वर्षांहून जास्त बातम्या केल्यात. अंतरवाली सराटीला दिल्लीचे कॅमेरे आले तेव्हा त्यांना रस्ता दाखवणाऱ्यांत मी होतो. कॅमेरे आले की आपल्या दुःखाला आवाज येतो हे मी पाहिलंय. पण मालदीवच्या बेटावर अडकलेल्या पगाराला कॅमेरा येणार नाही. ते दुःख दिसतच नाही. माणूस उपाशी नाही, तुरुंगात नाही, पगार होतोय, समुद्र निळा आहे. फोटोत तर सहलीला गेल्यासारखा दिसतो. फक्त इकडं त्याच्या बायकोनं परवा गळ्यातलं गहाण ठेवलं. मावशीला अजून माहीत नाही, आणि ही पोस्ट ती वाचत नाही म्हणून लिहितोय. वाचणाऱ्यांनी तिला सांगू नये.

कमेंटमध्ये कुणीतरी लिहिणारच, की स्वतःच्या मर्जीनं गेला, भोगावं. त्याला आधीच उत्तर देतो. मर्जीनं गेला म्हणता, तर मग इथं राहायची एक तरी वाट दाखवा जी त्यानं धरली नाही. सहा वर्षं शाळा केली. परीक्षा दिल्या. शिकवणी घेतली, कोरोनात ती पण बुडाली. मोसंबीची बाग आहे तीन एकर, तिच्यावर बोलायला लागलो तर दुसरी पोस्ट होईल.

आणि दुसरा कुणी लिहील, की एवढ्या मोठ्या देशात दोन-चार मास्तरांचं काय घेऊन बसलात. ज्यांचं एक घर त्या दोन-चारांत आहे त्यांनी काय करायचं ते पण लिहा मग.

आता काम. मी काल भावाशी बोललो. शुक्रवार होता, तिकडं सुट्टी. तो म्हणाला, बेटावरच्या केरळच्या मास्तर लोकांनी आपापल्या खासदारांना पगाराच्या चिठ्ठ्यांसह पत्रं पाठवलीत, महाराष्ट्रातून तसं कुणी केलेलं त्याला माहीत नाही. म्हणून मी ठरवलंय. जालना, परभणी, बीड, संभाजीनगर, कुठलंही असो, ज्यांच्या घरचं कुणी मालदीवला शिक्षक, नर्स, हॉटेलात, कुठंही कामाला आहे, त्यांनी मला इनबॉक्समध्ये लिहा. नाव जाहीर होणार नाही. एवढंच पाहिजे: काम कोणतं, पगार किती रुफिया, ऑक्टोबरच्या आधी महिन्याला किती पाठवत होते, आता किती, आणि घरी कर्जाचा हप्ता आहे का. यादी झाली की परभणीला खासदारांच्या कार्यालयात मी स्वतः नेऊन देणार आहे, पोच घेऊन. त्यात मागणी एकच लिहिणार, पगाराएवढी रक्कम रुपयात घरी पाठवायची परवानगी. दुसरी प्रत रिझर्व्ह बँकेला पोस्टानं, रजिस्टर करून. पोचेचा फोटो इथंच टाकीन.

पतसंस्थेच्या मॅनेजरशी पण बोललो. माणूस चांगला आहे, मार्चपर्यंत थांबतो म्हणाला. मार्चनंतर त्यालाही वरून विचारतात.